काउंट क्लिअर झाला की स्टॅटिस्टिक्स

माझ्या कपाटात निळ्या कपड्यांचा भरणा फार आणि नेमका निळाच रंग चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगात कैदी निळी डेनिम आणि फिकट निळे शर्ट घालतात, गार्ड लोकांची पँट हिरवी, नारिंगी कपडेही आतल्यांचेच, म्हणून शिकवायला जाणाऱ्याने यातलं काहीही घालायचं नाही, कारण टॉवरवर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला लांबून तुम्ही कोण हे रंगावरूनच कळतं. हे ऐकल्यावर मी निमूटपणे काळी पँट आणि मरून कुर्त्यावर आले, आणि अजूनही तुरुंगाचा दिवस म्हटलं की तेच.

मी मूळची सांगलीची. तिथे ज्युनिअर कॉलेजला मॅथ्स शिकवायचे, लग्नानंतर इकडे आले, वर्क परमिट हातात पडेपर्यंत काही वर्षं पोळ्या लाटण्यात गेली, मग सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइम स्टॅटिस्टिक्स शिकवायला लागले. पार्टटाइमवाल्यांना उरलेसुरले सेक्शन मिळतात. डीनबाई म्हणाल्या की आत एक सेक्शन आहे, घेणार का, आणि आत म्हणजे कुठे हे विचारायच्या आधी मी हो म्हणून बसले होते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, शिकवायला बाहेर माणसं संपली का?"

कम्युनिटी कॉलेज हा प्रकार आपल्याकडे तसा नाही. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत, आणि १९६० पासून धोरणच असं की अठरा पूर्ण असलेल्या कोणालाही दार उघडं. फी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर, उत्पन्न कमी असेल तर तीही माफ. माझ्या कॅम्पसवरच्या वर्गात शाळेतून नुकतीच आलेली पोरं, रात्रपाळी करून जांभया देत बसलेले वेअरहाऊसवाले आणि नातवंडं असलेल्या बायका एकाच बाकावर असतात. इथून दोन वर्षं करून मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत उडी मारायची, हा गरिबाघरचा रुळलेला रस्ता.

पण तुरुंगात जाऊन समोरासमोर शिकवायचे पैसे कॉलेजला २०१४ पर्यंत मिळतच नव्हते. कारण मजेशीर आहे. ज्या वर्गासाठी सरकार पैसे देतं तो वर्ग सगळ्या जनतेला खुला असला पाहिजे असा नियम, आणि तुरुंगातला वर्ग जनतेला खुला कसा असणार! मग टपालाने धडे पाठवायचे, टपालाने पेपर यायचे. २०१४ च्या एसबी १३९१ या कायद्याने ही अट तुरुंगापुरती काढली, त्यानंतर गाडी सुरू झाली. देशपातळीवर आणखी एक गाठ होती. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी पेल ग्रँट १९९४ च्या क्राइम बिलात क्लिंटन साहेबांनी कैद्यांसाठी बंद केली, ती पूर्णपणे परत सुरू झाली जुलै २०२३ ला. म्हणजे मधल्या जवळजवळ तीस वर्षांत जे आत होते त्यांचं जे राहिलं ते राहिलंच. माझ्या वर्गात त्यातलेच बरेच होते.

आत जायचा परवाना मिळवणं हा वेगळा सेमिस्टरच म्हणा. बोटांचे ठसे, टीबीची टेस्ट, मग एक लांबलचक ओरिएंटेशन. त्यात एक कागद सही करायला देतात, त्यावर लिहिलेलं असतं की तुम्हाला कोणी ओलीस धरलं तर तुमच्या सुटकेसाठी तुरुंग कैद्याला सोडण्याचा सौदा करणार नाही. नवऱ्याने तो कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि म्हणाला, "ह्यावर सही करणार तू?" मी म्हटलं अरे सगळेच करतात. (करतातच. आणि आजवर वर्गात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो बंद पडलेल्या एसीचा, व्हॅलीतल्या ऑगस्टमध्ये.) ओरिएंटेशनला हेही सांगतात की अलार्म वाजला की कैदी जमिनीवर बसतील, तुम्ही उभं राहायचं, म्हणजे कोण कोण ते कळतं. पहिल्यांदा अलार्म झाला तेव्हा यार्डवरचे झाडून सगळे खाली आणि मी एकटी मरून कुर्त्यात उभी, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखं वाटलं.

सामानाची कटकट वेगळीच. फोन नाही, स्मार्टवॉच नाही, पेनड्राइव्ह नाही. स्पायरल वही नाही कारण त्यात तार असते. स्टेपल केलेले कागद नकोत म्हणून मी चार चार पानांचे गठ्ठे तसेच सुटे वाटायचे आणि कोणाचं तरी तिसरं पान कायम हरवलेलं. पुठ्ठ्याच्या कव्हरचं पुस्तक नको. सुदैवाने स्टॅटिस्टिक्सचं एक फुकट पुस्तक ऑनलाइन आहे, ते कॉलेजने काळंपांढरं छापून दिलं, पण त्यातले ग्राफ रंगीत होते, "निळी रेघ बघा" असं लिहिलेलं, आणि समोर सगळ्या रेघा राखाडी. प्रोबॅबिलिटी शिकवायला मला फासे हवे होते. फासे म्हणजे जुगार, सपशेल नाही! मग कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, एक ते सहा आकडे लिहून, स्टायरोफोमच्या कपात घालून हलवायच्या. एक जण म्हणाला, प्रोफेसर, हा जुगारच झाला की, फक्त हळू चालणारा.

कॅम्पसवर मी स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप, कॉम्प्युटरवर काढायला लावते, बटण दाबलं की उत्तर. आतल्या माझ्या वर्गात कॉम्प्युटर नव्हता, ग्राफिंग कॅल्क्युलेटर नव्हता, साधा बेरीज-भागाकाराचा तेवढा. त्यामुळे सगळं हाताने, वर्ग करा, बेरीज करा, भागा, मूळ काढा, शक्यता काढायचा झेडचा तक्ता कागदावर बघा. आपल्याकडे लॉग टेबल घेऊन बसायचो ना बारावीला, थेट तसं. वेळ दुप्पट लागायचा पण खरं सांगते, डेव्हिएशन म्हणजे नक्की काय हे आतल्यांना बाहेरच्यांपेक्षा जास्त समजलेलं असायचं, कारण प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे हे त्यांनी स्वतः बोटाने मोजलेलं असायचं.

आता वेळेचं. लोकांना वाटतं की तुरुंगात वेळच वेळ. साफ चूक. वर्गाला यायला विद्यार्थ्याकडे पास लागतो, त्याला डकेट म्हणतात, तो आदल्या रात्री निघाला नाही तर माणूस आपल्या बराकीतच. दुपारी चारला स्टँडिंग काउंट असतो, सगळ्यांनी उभं राहून मोजून घ्यायचं, आकडा जुळला नाही तर परत मोजणी, आणि काउंट क्लिअर झाल्याशिवाय कोणी हलत नाही. माझा संध्याकाळचा वर्ग कागदावर एका वेळेला सुरू व्हायचा आणि प्रत्यक्षात काउंट क्लिअर होईल तेव्हा. मी फळ्यासमोर एकटी, खडू हातात, बाहेर गार्ड रेडिओवर बोलतोय. त्यात हिवाळ्यात व्हॅलीत धुकं उतरतं, टुली फॉग म्हणतात त्याला, हाताला हात दिसत नाही इतकं दाट. धुकं असलं की टॉवरवरून यार्ड दिसत नाही, म्हणून कैद्यांची ये-जा बंद, म्हणून वर्ग रद्द. कोणाचं भांडण झालं की लॉकडाऊन, वर्ग रद्द. कोणाला गोवर-कांजिण्यांसारखं काही निघालं की क्वारंटाइन, वर्ग रद्द. सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि त्यातले कुठले आठवडे मिळणार ते देवाला ठाऊक. मी मग प्रत्येक धड्याचं एक पाकीट आधीच बनवून एज्युकेशन ऑफिसात ठेवायला लागले, बंद झालं की ते बराकीत पोचवायचं. पोचायचं की नाही हा त्या दिवशी ड्युटीवर कोण आहे त्यावर.

एक तास मात्र मी विसरणार नाही. रँड नावाच्या संस्थेने २०१३ मध्ये तुरुंगातल्या शिक्षणावर जुन्या अभ्यासांचा एकत्र अभ्यास केला, त्याचा एक आकडा सगळीकडे फिरत असतो, शिक्षण घेतलेल्यांचे परत तुरुंगात यायचे ऑड्स ४३ टक्क्यांनी कमी. आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकातही असंच काहीतरी होतं. मी तो फळ्यावर लिहिला आणि म्हटलं ह्याचा अर्थ सांगा. पहिलं उत्तर आलं की शंभरातले ४३ वाचतात. मी म्हटलं नाही, ऑड्स म्हणजे शक्यता नाही, परत येणारे भागिले न येणारे, करून बघा. रिपोर्टमध्येच आहे, न शिकलेल्यांतले ४३.३ टक्के परत येतात, शिकलेल्यांतले ३०.४. मग हाताने भागाकार. ४३.३ भागिले ५६.७, साधारण ०.७६. ३०.४ भागिले ६९.६, साधारण ०.४४. दुसऱ्याला पहिल्याने भागा, ०.५७. म्हणजे ऑड्स ४३ टक्क्यांनी कमी, पण प्रत्यक्षात शंभरात तेरा माणसं कमी. त्यात दोन्हीकडे ४३ आल्यामुळे आधी जो गोंधळ झाला तो विचारू नका. मग मागून एक जण, जो महिनाभर तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला की तेरा सुद्धा शिक्षणामुळे कशावरून, जो माणूस वर्गात नाव घालतो त्याने आधीच मनाशी काहीतरी ठरवलेलं असतं, तो तसाही परत आला नसता. मी खडू खाली ठेवला. सिलेक्शन बायस हा धडा अजून तीन आठवड्यांवर होता! रँडवाल्यांनी बरे अभ्यास वेगळे काढून हे सांभाळायचा प्रयत्न केलाय, ते मी सांगितलं, पण त्याची शंका पूर्ण जात नाही आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं. त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या फाइलवर तुरुंग खात्याने काढलेला एक रिस्क स्कोअर असतो, वय आणि जुने गुन्हे धरून, हा परत गुन्हा करेल का याचा अंदाज. स्वतःवर असा आकडा चिकटलेला असला की माणूस स्टॅटिस्टिक्सचा तास बुडवत नाही.

कोणी काय केलंय हे मी बघत नाही. इथे नाव टाकलं की वेबसाइटवर कळू शकतं, पण मी नाही बघत, मला पेपर तपासायचे असतात. ओळख फार वाढवू नये याचे नियमही कडक आहेत, काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही, पेन्सिल सुद्धा नाही. संक्रांतीला तिळगूळ न्यायचा विचार मनात आला आणि मनातच विरघळला.

त्या वर्गातलेच एक आजोबा. सगळे त्यांना पॉप्स म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. साठी उलटलेली, जन्मठेप, आत असताना तीन वेगवेगळ्या तुरुंगांत बदली झालेली. पहिल्या टेस्टला मला म्हणाले की शेवटचा अपूर्णांक मी कार्टर प्रेसिडेंट असताना पाहिला होता. त्यांचा नियम असा की कळलं नाही तर फळा पुसू द्यायचा नाही, सरळ उठून उभे राहायचे. इथे २०२१ पासून कायदा आहे की पन्नाशी ओलांडलेल्या आणि सलग २० वर्षं काढलेल्या बऱ्याच जणांना पॅरोल बोर्डासमोर सुनावणी मिळते (पॅरोल म्हणजे इथे आपल्यासारखी रजा नव्हे, देखरेखीखाली सुटका), तशी त्यांनाही मिळाली, आणि कॉलेजचं प्रगतिपुस्तक सोबत होतं. सुटले. सेमिस्टर अर्ध्यावर.

ते पुढे सांगते. त्याआधी काउंटी जेल (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), कारण मधल्या काळात मला तिथलाही एक वर्ग दिला होता, आणि तो कारभार पूर्ण वेगळा. तुरुंग राज्याचा, तिथे शिक्षा झालेले. जेल काउंटीचं, तिथे बरेचसे आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांसारखे, केस चालू असलेले. २०११ नंतर काही लांब शिक्षा झालेलेही जेलमध्येच ठेवतात, पण तरी भरणा कच्च्यांचाच. त्यामुळे वर्ग म्हणजे बसस्टॉप. सोमवारी वीस, बुधवारी चौदा, त्यातले पाच नवीन. कोणाला जामीन मिळाला, कोणाला कोर्टाची तारीख, कोणाला राज्य तुरुंगात हलवलं. मला आनंद व्हायला हवा की सुटला बिचारा, आणि होतोही, पण पोर्टलवर त्याच्या नावापुढे ग्रेड टाकायची वेळ येते तेव्हा काय टाकायचं? नापास टाकलं तर पुढे ग्रँट अडते. इडब्ल्यू नावाची एक सोय आहे, सबळ कारणाने सोडावं लागलं अशी, ती नापासात धरत नाहीत, पण तिला अर्ज लागतो, अर्जाला विद्यार्थ्याची सही लागते, आणि विद्यार्थी कुठे आहे तेच माहीत नाही. सोळा आठवड्यांचा कोर्स जेलमध्ये चालवणं हा शुद्ध वेडेपणा आहे हे माझं स्पष्ट मत. चार किंवा आठ आठवड्यांचे, एकेक युनिटचे छोटे कोर्स हवेत, म्हणजे माणूस मध्येच गेला तरी हातात काहीतरी पडेल. मी हे मीटिंगमध्ये बोलले, सगळ्यांनी माना हलवल्या, सेमिस्टर सोळा आठवड्यांचंच राहिलं.

आता बाहेर. कॅलिफोर्नियात सुटताना माणसाला गेट मनी देतात, २०० डॉलर. हा आकडा १९७३ पासून तोच आहे, कमीत कमी एवढं तरी महागाईचं उदाहरण शिकवायला बरं पडतं. त्यातून कपडे आणि बसचं तिकीट जाऊ शकतं. सुटल्यावर लगेच पॅरोल ऑफिसरकडे हजेरी, मग आयडी, मग राहायची जागा, आणि ह्या सगळ्यात कॉलेज कितव्या नंबरवर येणार? आमच्या कॅम्पसवर रायझिंग स्कॉलर्स म्हणून खोली आहे, राज्यभरातल्या बऱ्याच कॉलेजांत अशी आहे, तुरुंगातून आलेल्यांसाठी. तिथे मी आठवड्याला थोडे तास बसते. गणित शिकवायला म्हणून बसते पण गणित क्वचितच निघतं.

निघतं काय, तर पासवर्ड. आमच्या वर्गात आत सगळं कागदावर होतं, बाहेर सगळं पोर्टलवर. पोर्टल म्हणतं फोनवर कोड पाठवला. फोन कालच घेतलाय, त्यात मेसेज कुठे बघायचा? कोड बघेपर्यंत एक्स्पायर. परत पाठवा. तीनदा चुकलं की अकाउंट लॉक, आयटीला फोन करा, आयटी विचारणार तुमच्या नावावरचा जुना ईमेल कोणता. ईमेल नव्हताच हो! वीस वर्षं आत काढून आलेला धिप्पाड माणूस त्या छोट्या स्क्रीनपुढे घामाघूम होतो, आणि शेजारी बसलेला दुसरा, जो सहा महिन्यांपूर्वी सुटलाय, तो त्याला शांतपणे सांगतो की घाई करू नको, आधी वर उजवीकडे बघ. त्या खोलीचं खरं काम हे शेजारी बसणारेच करतात. आमच्यासारखे पगारी लोक फॉर्म भरायला.

पॉप्स आले तेव्हा त्यांच्या हातात खाकी पाकीट होतं, त्यात तीन कॉलेजांची प्रगतिपुस्तकं, कारण तीन तुरुंग आणि प्रत्येक तुरुंगात शिकवणारं कॉलेज निराळं. एका ठिकाणी नाव पूर्ण, एका ठिकाणी मधलं नाव गाळलेलं, एका ठिकाणी तुरुंगाचा नंबरच विद्यार्थी नंबर म्हणून घातलेला. एका कॉलेजची वीसेक डॉलरची थकबाकी दाखवत होते, कसली ते कोणालाच सांगता येईना, ती भरेपर्यंत प्रगतिपुस्तकाची अधिकृत प्रत अडवून ठेवली, आणि कॅलिफोर्नियात थकबाकीसाठी असं अडवायला २०२० पासून कायद्याने मनाई आहे हे मी त्या खिडकीवरच्या बाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या सिस्टिम अलाऊ करत नाही. सिस्टिम! मिरजेच्या तहसीलमध्ये उभी आहे की काय असं वाटलं. शेवटी कौन्सेलर मॅडमनी वरच्यांना पत्र लिहिलं तेव्हा सुटलं.

मग दुसरं. एका कॉलेजात त्यांनी सुरुवातीचं स्टॅटिस्टिक्स केलेलं, माझ्याकडे अर्धवट राहिलेलं, आणि दोन कॉलेजांत विषयाचे नंबर वेगळे असल्याने कॉम्प्युटरला हे दोन निराळे विषय वाटत होते. आता २०२५ च्या फॉल म्हणजे शरद सत्रापासून सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत काही मुख्य विषयांना एकच नंबर आलाय, स्टॅटिस्टिक्सचा स्टॅट सी१०००, त्यामुळे पुढच्यांचं हे दुखणं कमी व्हावं. मला ह्या बाबतीत आपल्याकडचं मुक्त विद्यापीठ आठवतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रं महाराष्ट्रातल्या तुरुंगांत आहेत, इग्नूचीही आहेत, तिथे शिकवायला आठवड्याला कोणी प्रोफेसर येत नसेल, पुस्तक वाचून परीक्षा द्यायची, पण नाशिक रोडहून येरवड्याला बदली झाली किंवा सुटून गावी गेला तरी विद्यापीठ तेच राहतं. इथे शिकवणं चांगलं आहे, धागा तुटतो. तिथे धागा धरलेला आहे, शिकवणं कमी पडतं. दोन्ही एका ठिकाणी असायला काय हरकत आहे हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पॉप्सनी अर्धं राहिलेलं स्टॅटिस्टिक्स कॅम्पसवर परत घेतलं, माझ्याच वर्गात, पोरांच्या मध्ये. पोरांना ते कुठून आले माहीत नव्हतं, त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. कॉम्प्युटर समोर होता पण ते स्टँडर्ड डेव्हिएशन आधी हाताने काढायचे आणि मग मशीनचं उत्तर जुळतंय का ते तपासायचे. आता दोन वर्षांची डिग्री व्हायला थोडे युनिट बाकी आहेत, त्यानंतर कॅल स्टेटला, म्हणजे राज्याच्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीला, ट्रान्सफर घ्यायचा विचार चाललाय. तिथे तुरुंगातून आलेल्यांना डिग्रीसाठी मदत करणारं प्रोजेक्ट रिबाऊंड आहे, १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेटला जॉन अर्विन यांनी सुरू केलेलं, ते स्वतः तुरुंगात राहून आलेले आणि मग सोशिऑलॉजीचे प्रोफेसर झालेले. कौन्सेलर मॅडम म्हणतात सोशिऑलॉजी घ्या, तुमचा अनुभव कामी येईल. पॉप्स म्हणतात अनुभव पुष्कळ झाला, मला अकाउंटिंग करायचंय. त्या दोघांचं ह्या विषयावर दर आठवड्याला भांडण असतं आणि मी ह्यात पडत नाही, पण मनातून मी अकाउंटिंगच्या बाजूने आहे.